बंबाखालचे रान : हुबळी-धारवाडच्या सरपणाचा इतिहास

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांचा इतिहास म्हटले की आपल्याला आधी पेशवाई आठवते, मग कचेऱ्या, शाळा, रेल्वे, नाटक आणि गाणे. हा सारा इतिहास घडवणारी माणसे रोज सकाळी ऊन पाण्याने अंघोळ करीत होती आणि दोन वेळा गरम जेवीत होती. त्या पाण्याला आणि जेवणाला रोज लाकूड लागत होते. ही गोष्ट मात्र आपण कधी इतिहासात धरीत नाही.

आपले पूर्वज इकडे निरनिराळ्या वेळी आले. काही घराणी १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने इंग्रजांबरोबर धारवाडचा किल्ला टिपूच्या सरदाराकडून घेतला त्या सुमारास आली, काही १८१८ नंतर कंपनी सरकारच्या कचेरीत कारकुनी करण्यासाठी, तर काही पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी. कोणत्याही वाटेने आलेल्या घराला पहिल्या दिवशी छप्पर, पाणी आणि जळण या तीन गोष्टी लागल्याच असतील. छपराची कागदपत्रे आपण जपली. विहिरीवरून भांडणे झाली, म्हणून पाण्याचेही कागद राहिले. जळणाचा कागद म्हणजे घरखर्चाची वही. ती रद्दीत गेली, किंवा अजून माळ्यावर आहे.

या व्याख्यानात मी सरपणाचा इतिहास मांडणार आहे. विषय साधा आहे : लाकूड कुठून आले, कोणी तोडले, कसे आणले, घरात कसे फोडून रचले आणि त्याची किंमत कोणी दिली. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आपल्या घरांत कुठे ना कुठे मिळतात. पाचव्याचे उत्तर आपल्या वह्यांत अर्धेच लिहिलेले आहे. उरलेले अर्धे शोधणे हे माझे प्रयोजन.

प्रथम भूगोल पाहू. धारवाड ज्या उंचवट्यावर वसले आहे तो पाण्याचा दुभाजक आहे. सोमेश्वरापाशी उगम पावणारी शाल्मला पश्चिमेकडे जाते आणि पुढे बेडती, मग गंगावळी अशी नावे घेत अरबी समुद्राला मिळते. याच परिसरातले पूर्वेकडचे ओढे बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला आणि तिच्यातून कृष्णेला जातात. पाण्यासारखी झाडेही येथे दुभागलेली आहेत. पश्चिमेला कलघटगी, अळणावर, हल्याळ, यल्लापूर आणि दांडेली हा मलनाडाचा प्रदेश. पावसाचा आणि रानाचा. पूर्वेला नवलगुंद, नरगुंद, गदग, रोण ही काळी जमीन; कापूस आणि ज्वारी भरपूर, झाड मात्र बांधावरची एखादी बाभूळ किंवा कडुनिंब. तिकडच्या चुली पळकाट्या, तुराट्या, धसकटे आणि शेणी यांवर चालत. शेणखत शेतात घालायचे की चुलीत, हा तिकडच्या शेतकऱ्याचा नेहमीचा पेच होता. हुबळी-धारवाडचे बाजार या दोन प्रदेशांच्या मध्ये होते. पूर्वेकडून धान्य व कापूस आणि पश्चिमेकडून लाकूड, तांदूळ, लोणी येथे येई. आपण लाकूड जाळणारे राहिलो ते या जागेमुळे.

त्या रानात काय होते? सागवान व शिसव ही इमारतीची, सरकारच्या लाडाची झाडे. त्यांच्याखेरीज ऐन, किंजळ, नाणा, जांभा, धावडा, हेद, खैर ही कठीण लाकडाची झाडे होती. आपल्याकडच्या घरांत यांची दोन-दोन नावे चालत. ऐनाला कानडीत मत्ती म्हणतात, नाण्याला नंदी, जांभ्याला जंबे, तर धावड्याला दिंडल. बाजारात कानडी नाव आणि घरात मराठी नाव, असा व्यवहार होता. जळणासाठी साग कोणी घेत नसे. तो महाग, आणि चुलीत घालण्याचे पापही वाटे. वड, पिंपळ, उंबर हे होमाच्या समिधांपुरते. चुलीला पसंती धावडा, ऐन, किंजळ आणि बाभळीला. यांचे लाकूड जड असल्यामुळे ते हळू जळते आणि निखारा पुष्कळ वेळ धरते. धावड्याचा कोळसा उत्तम. शेवगा, पांगारा, सावर अशी हलकी झाडे भुरकन पेटतात आणि राख होऊन जातात. भाकरीला आच सारखी हवी, पुरणाला मंद हवी, बंबाला भरभरून हवी. जुन्या स्वयंपाकिणी लाकूड हातात घेऊन वजनावरून आणि आपटल्यावर येणाऱ्या आवाजावरून ते कशाला लावायचे हे ठरवीत. सुके लाकूड खणखणते, ओले बद्द वाजते.

आता तोडणीकडे वळू. कानडा जिल्हा १८६० मध्ये दुभागला गेला आणि त्याचा उत्तर भाग १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. तेव्हापासून धारवाडचा बाजार आणि हल्याळ-दांडेलीचे रान एकाच सरकारच्या हाताखाली आले. मुंबई इलाख्यात त्याआधीच, १८४७ साली, डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे पहिले संरक्षक नेमले होते. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते. पुढे जंगल खात्याने रानाचे भाग पाडले. एका वर्षी तोडायच्या भागाला कूप म्हणत. कुपाचा लिलाव होई, कंत्राटदार तो घेई, आणि लाकडावर खात्याच्या हातोड्याची खूण उमटल्याशिवाय ते रानाबाहेर नेता येत नसे.

तोडीचा हंगाम पावसाळा सरल्यापासून वळवाच्या सरी येईपर्यंत. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला आधी कुऱ्हाडीने खोल खाच घेत, मग उलट बाजूने थोडी वर करवत लावीत. झाड पडले की आधी इमारती ओंडके वेगळे काढीत. फांद्या, वाकडे बुंधे, पोकळ खोडे हे उरलेले म्हणजे जळाऊ लाकूड. आपल्या चुलीत गेलेले बहुतेक सरपण असे इमारतीच्या लाकडामागून आलेले होते. या कामातल्या हत्यारांकडेही जरा पाहा. कुऱ्हाडीचा दांडा आणि गाडीचा आस यांना चिवट म्हणून धावड्याचे लाकूड वापरीत. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. रानात ती शब्दशः खरी होती.

ओंडके बैलांना साखळदंड लावून ओढत गाडीवाटेपर्यंत आणीत. दोन वासे गाडीला तिरपे लावून त्यांवरून ओंडका वर लोटीत. हल्याळहून धारवाड सुमारे २० मैल. भरल्या गाडीचे बैल ताशी दोन मैल चालले तरी दहा तास लागत. म्हणून गाड्या सायंकाळी निघत, रात्रभर ओळीने चालत आणि पहाटे धारवाडच्या बाजारात उतरत. हुबळीला कलघटगीच्या वाटेने लाकूड येई. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, धारवाडच्या कापसाला विलायतेत अतोनात मागणी आली आणि कापसाच्या गाड्या घाट उतरून कुमठा-कारवारच्या बंदरांकडे धावू लागल्या. कापसाच्या या वाहतुकीने रानातल्या वाटांना महत्त्व आणले.

नंतर रेल्वे आली. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली आणि हुबळीचा कारखाना १८८५ पासून सुरू झाला. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. आपल्यातल्या कित्येक घरांचे अन्न याच कंपनीने पुरवले. रेल्वेला रुळांखाली स्लीपर लागत. मद्रासकडच्या रेल्वेने तर सुरुवातीची पुष्कळ वर्षे इंजिनांतही लाकूडच जाळले. अळणावरहून दांडेलीकडे जो फाटा गेला त्याचे मुख्य काम लाकूड बाहेर काढणे हेच. रेल्वेने रान बाजाराच्या जवळ आणले, आणि ज्या शहरांत आपण राहत होतो त्यांची भूकही वाढवली.

लाकूड शेवटी वखारीत येई. वखारीत ते वजनावर विकत. बंगाली मण म्हणजे सुमारे ३७ किलो. दशमान वजने १९५८ पासून लागू होऊ लागली आणि काही वर्षांत मण व शेर मागे पडले, तरी वखारीत बोलताना मण पुष्कळ दिवस टिकला. वजनावरच्या खरेदीत एक मेख होती. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. १०० किलो ओले लाकूड घेतले, त्यात ५० किलो पाणी असले, आणि ते वाळून पाचवा हिस्सा ओल उरली, तर त्याचे वजन साडेबासष्ट किलो भरते. म्हणजे घेणाऱ्याने साडेसदतीस किलो पाण्याचे पैसे लाकडाच्या भावाने मोजले. त्यावर चुलीत ते पाणी वाफ होऊन जायला प्रत्येक किलोमागे सहाशेवर किलोकॅलरी उष्णता खाते ती वेगळीच. घरचे मोठे माणूस वखारीत जाऊन ओंडक्याच्या टोकाच्या चिरा पाही, साल सुटते का ते नखाने बघे, आणि मगच भाव करी, त्यामागे हे गणित होते. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ हे खरे, पण ते सुक्याच्या खर्चाने जळते.

एका घराला वर्षाला किती लाकूड लागत असेल? आपणच हिशेब करून पाहा. दहा माणसांचे घर, दोन वेळचा स्वयंपाक आणि सकाळचा बंब, याला दिवसाला ११ किलो धरू. वर्षाला चार टन होतात, म्हणजे शंभराहून थोडे अधिक मण. बैलगाडीत सातशे किलो मावले तर सहा गाड्या. लग्नकार्य, श्राद्धपक्ष, बाळंतिणीचा शेक यांची भर वेगळी. ज्या आळीत अशी पन्नास घरे होती तिच्यासाठी वर्षाला तीनशे गाड्या रानातून निघत. हा हिशेब ढोबळ आहे, तरी त्यावरून प्रमाण कळते.

सहा गाड्या लाकूड उन्हाळ्यात घरी येऊन पडे, कारण पावसाळ्याची बेगमी आधी करावी लागे. लाकूडफोडे घरोघर येत. मजुरी ठरे ती मणावर. गाठीचे लाकूड फुटत नसे. त्याला लोखंडी पाचर लावून वर घण घालावा लागे. चतुर फोड्या आधी टोकाकडची चीर शोधी आणि तिच्या रेषेत घाव घाली. फोडलेल्या लाकडाला वारा चारी बाजूंनी लागतो आणि ते लवकर वाळते, म्हणून फोडणावळ वाचवायची नाही, असा जुन्यांचा आग्रह असे.

रचण्याचे काम मात्र घरातल्या बायकांचे किंवा त्यांच्या देखरेखीखाली चाले. खाली दगड मांडायचे, म्हणजे वाळवी चढत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडायचे. पहिला थर आडवा, दुसरा उभा, दोन्ही टोकांना असे कोपरे बांधले की मधली रास ढासळत नाही. साल वरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे आलेली झड ओघळून जाते. नव्या लाकडाची रास मागे, गेल्या वर्षीच्या उरलेल्याची पुढे. ढलप्या आणि सालपे वेगळ्या पाटीत, सकाळी चूल पेटवायला. विंचवाच्या भीतीने काढताना लाकूड आधी पायाने किंवा काठीने हलवायचे. जुलैत धारवाडची झिमझिम दिवस दिवस थांबत नसे, तेव्हा रोजचे लाकूड आदल्या रात्री चुलीच्या वैलापाशी उबेला ठेवीत. या साऱ्या गोष्टी कोणत्याही पुस्तकातून शिकवलेल्या नव्हत्या. सासूने सुनेला सांगितलेले हे शास्त्र होते. आज नॉर्वेसारख्या थंड देशात लाकूड रचण्यावर पुस्तके निघतात आणि ती आवडीने वाचली जातात. आपल्याकडे या कलेचे नावही नोंदले गेले नाही.

इथपर्यंतचा भाग आपल्या परिचयाचा. आता पाचवा प्रश्न, किंमत कोणी दिली. त्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

झाडावरून आपोआप पडलेली फांदी कोणाची? गावाच्या जुन्या रिवाजात हा प्रश्न फारसा उठत नसे. जो उचलील त्याची. युरोपात मात्र तो एकोणिसाव्या शतकात कायद्याने विचारला गेला. ऱ्हाइन नदीकाठच्या प्रशियन प्रांतात गरिबांनी सरपण वेचणे ही चोरी ठरवण्याचा कायदा चर्चेला आला, तेव्हा कोलोनच्या एका वृत्तपत्रात तरुण कार्ल मार्क्सने १८४२ मध्ये त्याविरुद्ध लेखमाला लिहिली. त्याच ऱ्हाइनकाठच्या बॉन गावात जन्मलेले डीट्रिख ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या जंगल खात्याचे पहिले मुख्य अधिकारी झाले. पहिला जंगल कायदा १८६५ मध्ये झाला. दुसरा, अधिक कडक, १८७८ मध्ये झाला. त्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. ब्रँडिस यांचा कल गावांसाठी काही रान ठेवावे असा होता. बेडन-पॉवेल यांच्यासारखे अधिकारी रानावर सरकारचीच मालकी असावी या मताचे होते. कायदा दुसऱ्या मताकडे झुकला. गावकऱ्यांचा पूर्वापार हक्क आता सवलत झाला, आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

याची झळ मराठी मुलखात ताबडतोब जाणवली. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गावांची राने व चराऊ माळ गिळल्याची तक्रार केली आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे १९३० च्या जंगल सत्याग्रहात सांगलीकडचे बिळाशी आणि रायगडातले चिरनेर ही गावे पुढे आली. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मेली. कर्नाटकातही त्या वर्षी अरण्य सत्याग्रह झाले. मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. काडीच्या सत्याग्रहाची फारशी सांगत नाही.

आपल्या रानात या कायद्याखाली कोण होते? हल्याळ तालुक्यात मराठे शेतकरी आहेत, त्यांच्या घरात मराठी बोलतात. रानाच्या आत धनगर गवळ्यांच्या वस्त्या आहेत. त्यांचीही बोली मराठी. त्यांच्या म्हशींचे लोणी धारवाडच्या बाजारात येई. हल्याळ, यल्लापूर आणि आसपास सिद्दी राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज कोकणी, मराठी, उर्दू आणि कानडी यांच्या मिश्रणात बोलतात. डोंगरउतारावर झाडे तोडून व जाळून पिके काढण्याची कुमरीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आवळली गेली, आणि रानातल्या पुष्कळांना शेतीऐवजी कुपातल्या मजुरीवर जगावे लागले. म्हशींसाठी फांद्या छाटणे गुन्ह्यात जमा झाले. वाळलेले लाकूड घरापुरते नेण्याची सवलत गावकऱ्यांना असे, पण तिचे तत्त्व असे की ते विकू नये. आणि मीठ-मिरचीला रोख पैसे तर मोळी विकूनच मिळत.

येथे आपण या इतिहासात शिरतो. वखारीतून गाड्या घेणारी मोठी घरे होती, तशीच दारावर आलेली मोळी घेणारी लहान घरेही होती. मोळी साधारण वीस-पंचवीस किलोची. ती डोक्यावर घेऊन आणणारी बहुधा बाई. वाटेत नाक्यावर तिला अडवले जाई, कधी मोळी जाई, कधी त्या दिवसाची कमाई. मोळी विकत घेणाऱ्याला सहसा कोणी हटकत नसे. दारात घासाघीस आण्या-दोन आण्यांची होई. मोळीवाल्या मावशीला कधी ताकाचा पेला मिळे, तोही वरून ओतून. आपल्या वहीत त्या दिवशी ‘जळण’ या शब्दापुढे एक रक्कम लिहिली गेली. ती पहाटे किती वाजता निघाली, किती मैल चालली, नाक्यावर काय सोडून आली, हे त्या रकमेत नव्हते. वहीतले अर्धे उत्तर ते हे. आपल्या वाडवडिलांनी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही. भाव बाजाराचाच होता. पण बाजारभावाने ज्याची किंमत झाली नाही असे पुष्कळ काही त्या मोळीबरोबर आपल्या घरात आले, आणि त्याची आठवणही आपण ठेवली नाही, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ नावाचे केंद्र निघाले. अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या खेड्यात गावाला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यांना दिसले ते असे : गावाच्या एकूण ऊर्जेपैकी पाचांत चार भाग सरपणातून येत होते आणि ते गोळा करण्यात घरच्या बायकामुलांचे रोज काही तास जात होते. याच केंद्राने पुढे ‘अस्त्र ओले’ नावाची, कमी लाकडात अधिक आच देणारी चूल काढली. ओले म्हणजे कानडीत चूल. आपल्या जुन्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला फार तर आठवा-दहावा हिस्सा भांड्याला लागत होता. बाकीची भिंती काळ्या करण्यात आणि स्वयंपाकिणीच्या डोळ्यांत जात होती. किंमत देणाऱ्यांत त्यांचीही नावे धरली पाहिजेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड आणि कारवार हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. बाजार आणि रान पुन्हा एकाच सरकारकडे राहिले, पण रानाचा मोठा ग्राहक बदलत होता. दांडेलीला कागद गिरणी उभी राहिली. बांबू आणि लाकूड लगद्यासाठी जाऊ लागले. सप्टेंबर १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातल्या साळकणीच्या लोकांनी पांडुरंग हेगडे यांच्यासोबत झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली. ‘अप्पिको’ म्हणजे मिठी मार. १९८४ मध्ये सरकार व खाजगी कारखाना यांची मिळून एक लगदा कंपनी निघाली आणि तिला सुमारे ३० हजार हेक्टर गावरान जमीन निलगिरीसाठी देण्याचे ठरले. ही गावराने म्हणजेच गरिबांचे सरपण आणि गुरांचा चारा. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने, एस. आर. हिरेमठ यांच्या पुढाकाराने, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ज्येष्ठ कन्नड लेखक शिवराम कारंत हेही अर्जदारांत होते. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावी लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्यांच्या जागी उपयोगी झाडे लावली. या सत्याग्रहाचे नाव ‘कित्तिको-हच्चिको’, उपटा आणि लावा. कंपनी पुढे १९९१ मध्ये बंद झाली. हे सारे आपल्या शहराजवळ घडले, आणि तोवर आपल्या बहुतेकांच्या घरात गॅसची शेगडी आलेली होती.

शेगडी आली तशी लाकडाची रास अंगणातून गेली. आधी रॉकेलचा स्टोव्ह, मग सिलिंडर, मग विजेचा गीझर. बंब मोडीत गेला किंवा दिवाणखान्यात कुंडी ठेवायला आला. घरातल्या बायकांचा धूर सुटला, हे फार चांगले झाले. त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. खेड्यांतूनही २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर पोचले आहेत, तरी दुसरे सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. हल्याळ-कलघटगीच्या वाटेवर मोळी घेतलेली बाई अजून दिसते. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत स्थान मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातली झुडपी लाकडे आणि बुंधे यांना गौण वनोपज मानून रानात राहणाऱ्यांचा त्यांवरचा हक्क मान्य केला. म्हणजे पडलेली फांदी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांनी थोडे पुन्हा जुन्या रिवाजाकडे वळवले.

वाचकहो, या इतिहासाची साधने सरकारी दप्तरात एका बाजूची मिळतात. कूप, लिलाव, दंड सारे तेथे आहे. दुसरी बाजू आपल्या माळ्यांवर आहे. आपल्या घरखर्चाच्या वह्या १९५० च्या आसपासपर्यंत बहुधा मोडीत लिहिलेल्या असतात, आणि मोडी वाचणारे आता आपल्यात मोजके उरले आहेत. आपली नातवंडे ती वही जुने कागद म्हणून वजनावर विकतील, जसे आपण लाकूड वजनावर घेतले. तसे होण्यापूर्वी तीन कामे करता येतील. घरातली अशी एखादी वही शोधून तिच्यातल्या जळणाच्या, फोडणावळीच्या आणि गाडीभाड्याच्या नोंदींची छायाचित्रे काढून आपल्या संस्थेकडे द्यावीत. मोडी वाचण्याची सोय करता येईल. ऐंशीच्या पुढे असलेल्या आई-आजीला बसवून झाडांची मराठी व कानडी नावे, कोणते लाकूड कशाला, रास कशी लावायची, हे लिहून घ्यावे. आणि तिसरे काम थोडे कठीण आहे : ज्या घरातून आपल्याकडे मोळी किंवा गाडी येत असे त्या घरातले कोणी अजून ओळखीचे असेल तर त्यांच्याकडे जावे, त्यांच्याच बोलीत त्यांची बाजू ऐकावी आणि त्यांनी परवानगी दिली तर नोंदवावी. हल्याळच्या आणि गवळीवाड्यांच्या बाबतीत ती बोली आपलीच आहे, तेव्हा भाषेची सबब सांगता येणार नाही.

या तिन्ही गोष्टी जमल्या तर पुढच्या कोणाला हा इतिहास माझ्यापेक्षा पुरा लिहिता येईल, आणि त्यात जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू असतील.